देवाच्या पोटात

आमच्या चर्चच्या शनिवारच्या वर्गात गाणी आणि गोष्टी पाळककाकूंच्या, पाव-अंडं-केळं वाटणं शिंपीण मावशींचं, आणि नखं माझी.

हसू नका. मीही आधी तोंड वाकडं केलं होतं. यंदाच मला 'ताई' म्हणून वर्गात घेतलं, मला वाटलं आता हातात माईक येणार, आणि हातात आलं नेलकटर! आईला म्हटलं, "देवाच्या कामात मला फक्त नखं?" आई म्हणाली, "मग काय, पहिल्याच दिवशी प्रवचनाला उभं करायचं तुला? आणि आधी स्वतःची बघ जरा."

पण नखांचं खातं काही साधंसुधं नाही, हे मला लवकरच कळलं. गोष्ट ऐकताना मुलं समोर बघतात, खाताना ताटात बघतात. नखं कापताना मात्र त्यांचा हात तुमच्या हातात असतो, आणि एकदा हात हातात आला की मूल बोलायला लागतं. विचारावं लागत नाही. घरात काय शिजलं, काय नाही शिजलं, कोण कुणाशी भांडलं, सगळं आपोआप बाहेर येतं.

आमचं चर्च म्हणजे फर्निचरच्या कारखान्यावरचा लांबलचक हॉल. जिन्यातच पॉलिशचा वास येतो. काकूंच्या गोष्टीत रडू येईल असा प्रसंग आला की नेमकी खाली करवत सुरू होते, आणि मुलं खिदळायला लागतात. मुलं येतात मागच्या गल्लीतून, भंगाराच्या गोदामाला लागून ज्या खोल्या आहेत तिथून. त्यांचे आईबाप दिवसभर बाटल्या आणि पत्रे निवडत असतात. काहींचे बाप दिवसभर घरी असतात, आणि ते जास्त वाईट.

काकूंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. "मूल काही सांगायला लागलं तर डोळे मोठे करायचे नाहीत. कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही. आणि मला येऊन सांगायचं. मलाच, कळलं? आईला नाही, मैत्रिणीला नाही." हे मला तोंडपाठ होतं, अगदी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी.

आणि मग आमच्याकडे चुळबूळ आली.

तिला हे नाव मीच दिलं. असेल आठेक वर्षांची. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. गाण्यात टाळी वाजवायची तर ती उडी मारायची, डोळे मिटायचे तर एक डोळा उघडा ठेवून बाजूच्याला गुदगुल्या करायची. तिची नखं कापायची म्हणजे धावत्या कोंबडीचे पाय पकडायचे. पण मला ती फार आवडायची. तिच्यासाठी बोटं म्हणजे एक आख्खं कार्यालय होतं.

"ताई, आधी अंगठेसाहेबांचं कर. नाहीतर ते रागावतील."

"आणि करंगळी?"

"ती नवीन लागलीये कामाला. ती शेवटी." मग माझ्याकडे निरखून बघत, "ताई, तुझं लग्न झालं?"

"अगं, माझी अजून दहावी व्हायचीये!"

"दहावी झाली की होणार?"

"आधी गणित सुटू दे."

"गणित कुठे बांधून ठेवलंय?" असं म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की अंगठेसाहेब थोडक्यात वाचले.

एका शनिवारी मात्र तिनं एकच हात पुढे केला.

"दुसरा कुठे गेला?" मी विचारलं.

"तो आज आला नाही."

"का बरं?"

"सुट्टीवर आहे."

मी म्हटलं, "साहेबांना कळवलंय का सुट्टीचं?" ती हसली, पण अर्धवट. हात फ्रॉकमागेच. मी जबरदस्ती केली नाही. पहिल्या हाताची नखं सावकाश, फार सावकाश कापली. करंगळी संपली तशी तिनं स्वतःच दुसरा हात आणून टेबलावर ठेवला, पालथा.

मनगटापासून बोटांपर्यंत गोल गोल डाग होते. एका ओळीत. काही जुने, काळसर. दोन ओले.

मी डोळे मोठे केले नाहीत. कसे नाही केले, ते माझं मला माहीत.

"नवे पप्पा सिगारेट लावतात," ती म्हणाली. "मला बसायला सांगतात आणि म्हणतात, हललीस की अजून एक." मग जणू आपलीच चूक कबूल करतेय अशा आवाजात, "मी हलतेच ना गं."

"आई कुठे असते तेव्हा?"

"गोदामात. कधी कधी तिथेच असते. भिंतीकडे तोंड करून."

खाली करवत चालू होती. मुलं पाव खात होती. मी तिचा हात उचलला, कसा धरू तेच कळेना.

"तू कुणाला सांगशील?" तिनं विचारलं.

"काकूंना सांगणार. काकू मदत करतात."

"त्या कुणाला सांगतील?"

"ऑफिसातल्या एका बाईंना. मुलांना कुणी त्रास दिला तर बघायचं हे त्यांचं कामच आहे."

"अजून कुणाला?"

"देवाला. आपण सगळं देवाला सांगतो ना?"

"मग देव कुणाला सांगेल?"

"देव? छे! कुणालाच नाही. देवाच्या पोटात सगळं राहतं."

तिनं यावर नीट विचार केला. "केवढं आहे पोट? गोदामाएवढं?"

"त्याहून मोठं."

"बापरे," ती म्हणाली, आणि केळं घ्यायला पळाली.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या उठल्या. मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या आणि फोन लावला. बालसंरक्षण कार्यालयातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. सोमवारी न कळवता घरी येते म्हणाल्या, मुलीला बघते, डॉक्टरांना दाखवते. तोवर घरी कुणाला सुगावा लागता कामा नये.

"सोमवार?" मी म्हटलं. "काकू, मध्ये दोन रात्री आहेत! आपण तिला इथेच ठेवून घेऊ. आमच्या घरी नेते मी, माझ्या पलंगावर झोपेल."

"असं दुसऱ्याचं मूल उचलून नेता येत नाही गं बाळा."

"आणि दुसऱ्याच्या मुलाला भाजता येतं?"

चुळबूळ उड्या मारत जिना उतरून गेली, सालासकट केळं हलवत.

आता रविवारचं सांगते. आमच्याकडे उपासना संपली की 'विनंत्या' असतात. ज्याला ज्यासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या जावयाचं पिणं. मग दुपारी त्याच विनंत्या फोनवरच्या ग्रुपवर जातात, म्हणजे जे आले नाहीत तेही प्रार्थना करतात. मला हे फार आवडायचं. खरं सांगायचं तर आमच्या मंडळीत बातमी आणि विनंती यांच्यात फरक एवढाच, की विनंतीच्या शेवटी 'प्रार्थना करा' असतं. शिंपीण मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण 'प्रार्थना करा' लावलं की त्यांनाही कुणी काही म्हणू शकत नाही.

त्या रविवारी काकू उभ्या राहिल्या. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या.

"मी नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या शनिवारच्या वर्गातली एक लेक आहे. तिच्या घरात नवे वडील आलेत, त्यांच्याकडून तिला फार त्रास होतोय. हात भाजलेत लेकराचे. उद्या तिच्या मदतीला माणसं जाणार आहेत. मार्ग मोकळा व्हावा म्हणून..." आणि त्या खाली बसल्या.

सगळा हॉल कळवळला. बायकांनी पदर, रुमाल डोळ्यांना लावले. पुढच्या रांगेत गॅरेजवाले काका बसतात. दोन माणसांची जागा लागते त्यांना, आणि प्रार्थनेत ते लहान मुलासारखे रडतात. तेही हमसून हमसून रडले. सगळ्यांनी एकदम 'आमेन' म्हटलं तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मला वाटलं, आता कोण काय करू शकतं तिचं? एवढी माणसं तिच्या पाठीशी आहेत!

काकूंनी नाव घेतलं नव्हतं, हे खरं. पण वर्गातल्या मुलींपैकी नवे वडील एकीलाच होते. आणि ते नवे वडील गॅरेजवाल्या काकांकडे गाड्या धुवायला होते. काकांनीच दया येऊन ठेवून घेतलं होतं त्यांना.

पुढचं मला काकांच्याच तोंडून कळलं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी धावत काकूंकडे गेले, तर काका ओट्यावर चहा पीत बसले होते, चेहरा नुसता उजळलेला.

"काल संध्याकाळीच गाठलं मी त्याला," ते सांगत होते. "बाजूला घेतला, खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, बाबा रे, लेकराला असं करू नये. तिकडे आमची सगळी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय. रडला हो! माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, मालक, मी आजपासून बदललो."

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. "तुम्ही त्याला सांगितलंत?"

"मग? नुसती प्रार्थना करून घरी बसायचं? काहीतरी करायला नको?"

तेवढ्यात फोन वाजला. कार्यालयातल्या बाईंचा. काकूंनी स्पीकर लावला.

"त्यांना आधीच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "खोली झाडूनपुसून लख्ख. मुलीच्या अंगावर नवा फ्रॉक. हाताला पांढरी पट्टी. आई म्हणते, काल रात्री तापलेल्या पातेल्याला हात लागला. मुलगीही तेच म्हणते, शब्दाला शब्द. मी डॉक्टरांकडे नेलं. पालथ्या हाताची कातडीच गेलीये. खाली आधी काय होतं ते आता सांगता येणार नाही म्हणतात."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. ओळीतले ते डाग कुणीतरी पुसून टाकले होते.

"मी पाहिलेत!" मी फोनवर ओरडले. "मी पाहिलेत ते डाग, बाई! माझ्या हातात होता तिचा हात!"

"तुझं म्हणणं मी लिहून घेते बाळा," बाई म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "पण आई नाही म्हणते, मुलगी नाही म्हणते. मुलगी माझ्याशी एक वाक्य जरी बोलली ना, तरी मी हलू शकते. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

गॅरेजवाले काका भिंतीला धरून उठले. "आत्ताच्या आत्ता हाकलतो त्याला," ते म्हणाले. "तंगडं मोडतो."

"तसं अजिबात करू नका," फोनमधून बाई म्हणाल्या. "कामावरून काढलंत तर ते खोली सोडून जातील, आणि मुलगी आपल्याला परत दिसणार नाही. काही झालंच नाही असं वागा."

म्हणून काका रोज सकाळी त्या माणसाला पाण्याचा पाइप हातात देतात आणि 'काय, बरं आहे ना?' विचारतात. तो म्हणतो, 'तुमच्या प्रार्थना आहेत, मालक.'

काकूंनी त्यानंतर ग्रुपवर काही टाकलेलं नाही. मी त्यांना एकदा विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, कुणाला कळू द्यायचं नव्हतं?" त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलंच नाही की मी कुणाला सांगतेय. मला वाटलं, मी प्रार्थना करतेय."

ठरलं असं, की पुढच्या शनिवारी कार्यालयातल्या बाई, ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावून, वर्गात चित्रकलेच्या बाई म्हणून येतील. सहज चित्रं काढता काढता चुळबूळशी बोलतील. तिनं बोलावं म्हणून मी आठवडाभर देवाच्या मागे लागले होते, पण मनातल्या मनात, ओठही न हलवता.

ती आली. बरोबर तिची आई होती, दारापाशी बाकावर बसून राहिली. "घरून सांगितलंय, पोरीला एकटं पाठवायचं नाही," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. बारीक चणीची बाई, नखांत गंज अडकलेला. मला तिचा राग येणार होता, पण तिच्या नखांकडे बघून तोही धड येईना.

माझ्या टेबलाशी चुळबूळची पाळी आली. पट्टीतून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती. ती स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली. पाय हलेनात, मान हलेना. इतकं सोपं नखं कापणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"अंगठेसाहेब कसे आहेत?" मी विचारलं.

खाली करवत सुरू झाली, तेव्हा त्या आवाजाच्या आड ती म्हणाली, "तुझ्या देवाच्या पोटात काही राहत नाही."

"काय?"

"त्यानं पप्पांना सांगितलं."

"देवानं नाही गं सांगितलं!"

"त्यानंच. पप्पा म्हणाले, तिकडे सगळ्यांनी प्रार्थना केली म्हणून मला कळलं."

मी बाकाकडे बघितलं. तिची आई जमिनीकडे बघत होती. मी आवाज अगदी खाली आणला. "ऐक. देवानं नाही सांगितलं. आमच्यातल्याच एका माणसानं सांगितलं. त्याला वाटलं, त्यानं तुझं भलं होईल."

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्यानं प्रार्थनेत ऐकलं."

"म्हणजे तुम्ही देवाला सांगता तेव्हा माणसं पण ऐकत असतात?"

"...हो."

"मग ते देवाला सांगणं कसं झालं?"

संडेस्कूलच्या प्रश्नमंजूषेत मी दर वर्षी पहिली येते.

"आज एक बाई आल्यात बघ, चित्रांच्या," मी शेवटी म्हटलं. "त्या खूप छान आहेत. त्यांच्याशी बोलशील? त्या कुणाला..."

"ती त्या दिवशी घरी आलेली बाई आहे," चुळबूळ म्हणाली. "चपला त्याच आहेत."

तरी ती गेली. बोलावल्याबरोबर, शहाण्या मुलीसारखी. खुर्च्या रचून ठेवतो त्या खोलीत दोघी बसल्या, दार अर्धवट उघडं. मी नखं कापत होते आणि कान तिकडे. बाईंचा आवाज यायचा, मऊ, थांबत थांबत. मग बराच वेळ नुसता खडूचा आवाज. मला वाटलं, आता बोलेल. आत्ता बोलेल. बोल ना गं, एकच वाक्य.

बाई बाहेर आल्या, काकूंकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, आणि हातातला कागद मला दाखवला. घर, दार, दोन खिडक्या. दारात तीन माणसं, तिघंही हसणारी. सगळ्यांचे हात पाठीमागे.

"घरी सगळं छान आहे म्हणते," बाई म्हणाल्या. "पुन्हा येईन. पण कधी ते सांगता येत नाही, माझ्याकडे गाडी एकच आहे." मी त्यांना चपलांचं सांगितलं, तशा त्या आपल्याच चपलांकडे बघत जिना उतरल्या.

चुळबूळ येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. आईचं पाणी पिऊन होण्याची वाट बघत होती. माझ्यासमोर तेव्हा तिच्या घराशेजारच्या खोलीत राहणारी छोटी बसली होती, चारेक वर्षांची, नाक कायम वाहणारी. मी तिचा हात हातात घेतला, तशी ती बोलायला लागली, सगळी बोलतात तशी.

"ताई, आमच्याकडे ना, ते काका येतात ना, ते मला..."

पट्टी बांधलेला हात मध्ये आला आणि त्यानं छोटीचं तोंड झाकलं. जोरात नाही. भरल्या ताटावर झाकण ठेवावं तसं.

"तिला नखं दाखव फक्त," चुळबूळ तिला म्हणाली, समजावणीच्या सुरात, अगदी काकूंसारखी. "बाकी काही सांगायचं नाही."

"सांग गं," मी छोटीला म्हटलं. "कोण काका? काय करतात?"

छोटीनं माझ्याकडे बघितलं. मग चुळबूळकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिनं दहाही बोटं माझ्यापुढे पसरली.

चुळबूळची आई दारातून हाक मारत होती. ती गेली. मी नेलकटर उचललं. छोटीची नखं खरंच फार वाढली होती.